ठाण्याची पायरी चढताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच एकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर या व्यासपीठावरून आहार, बचत, मुलांचा अभ्यास, म्हातारपण अशा विषयांवर चांगली भाषणे झाली आणि ती स्मरणिकेत छापूनही आली. या वर्षी माझी पाळी आली. मी विषय सांगितला तेव्हा आपल्या कार्यवाह बाई क्षणभर गप्पच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, सणासारखा दिवस. लोक नटूनथटून येतात. आजच हे कशाला?"

त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. किंबहुना तसे म्हटले होते, आणि त्याचीच टोचणी मला आज येथे घेऊन आली आहे. तेव्हा मुलांना अंगणात खेळावयास पाठवले आहे, त्यांना खेळू द्या, आणि आपण मोठी माणसे थोडा वेळ या गोष्टीकडे सरळ पाहू या. विषय असा की, एखाद्या बाईवर बलात्कार झाला आणि ती पोलिसांकडे गेली, तर तेथे तिच्या वाट्याला काय येते?

हा शब्द उच्चारताना आपण आवाज खाली करतो. "तसला प्रकार झाला" म्हणतो, नाही तर "अब्रू गेली" म्हणतो. घरात चोरी झाली तर अब्रू चोराची जाते. हा एकच गुन्हा असा आहे, की करणारा दुसराच असतो आणि अब्रू मात्र जिच्यावर तो झाला तिची गेली असे आपण ठरवून टाकतो. ठाण्यात बसलेला अंमलदार काही आकाशातून पडलेला नसतो. तो आपल्यासारख्याच घरात वाढलेला असतो आणि घरातली भाषा बरोबर घेऊनच टेबलामागे बसतो. म्हणून पोलिसांविषयी बोलण्याआधी मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराविषयी बोलले पाहिजे.

पुष्कळ वर्षे झाली. एके दुपारी ओळखीची एक बाई मागच्या दाराने माझ्याकडे आली. ती कोण, कोठली, हे मी सांगणार नाही आणि कोणी तर्कही करू नये. बराच वेळ ती नुसतीच बसून होती. मग सांगितले. माणूस परका नव्हता, ज्याच्याकडे ती कामाला जाई त्याच्या घरातलाच होता. सांगून झाल्यावर तिने विचारले, "बाई, पोलिसांत जाऊ का?"

मी काय सांगितले असेल? मी म्हटले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला दोन मुली आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." तिला चहा दिला, लुगड्याचा पदर सारखा करून दिला आणि आपण फार मायेने वागलो अशा समजुतीने दार लावून घेतले. पुढे दोन महिन्यांत ती बिऱ्हाड उचलून गेली. कोठे गेली ते मला आजतागायत कळलेले नाही. तो माणूस मात्र पुढे कित्येक वर्षे रस्त्यात भेटला की नमस्कार करीत असे, आणि मीही नमस्कार करीत असे.

दुसरा प्रसंग त्यानंतर खूप वर्षांनी घडला. या वेळी एक तरुण मुलगी होती, नोकरी करणारी, वयाने पुरती सज्ञान. तिने मला सल्ला विचारलाच नाही. ती म्हणाली, "काकू, मी तक्रार द्यायला चालले आहे. माझ्याबरोबर याल?" मी चपला घातल्या आणि निघाले. धैर्याचे काम केले असे मुळीच नाही. नाही म्हणावयास तोंड नव्हते, इतकेच.

संध्याकाळी सातच्या सुमारास आम्ही ठाण्यात पोहोचलो. दाराशी पहाऱ्यावर एक शिपाई होता. त्याने विचारले, "काय काम आहे?" त्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिला पहिल्यांदा सांगावे लागले. आत ठाणे अंमलदारांपुढे दुसऱ्यांदा. तेथे एक गृहस्थ हरवलेल्या मोबाईलची तक्रार देत बसले होते, ते सगळे ऐकत होते. अंमलदार म्हणाले, "साहेब येऊ द्या." आम्ही बाकावर बसलो. नऊ वाजता साहेब आले, त्यांना तिसऱ्यांदा सांगावे लागले.

मग प्रश्न सुरू झाले. इतक्या उशिरा तेथे कशाला गेला होतात? त्याची आणि तुमची ओळख किती दिवसांची? ओरडला का नाहीत? दोन दिवस का थांबलात? लग्न ठरले आहे काय? मध्येच एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुमचंच नाव खराब होईल. त्याला बोलावून चांगला दम देतो. लिहून कशाला घ्यायचं?" आणखी एकाने शंका काढली की, जागा आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा.

भगिनींनो, कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी अंगावर धावून आले नाही. पण साडेदहा वाजता ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, मी खोटं बोलते आहे असं तुम्हालाही वाटतं का?" घरून निघताना जी मुलगी ताठ चालत होती, तिला साडेतीन तासांत स्वतःच्याच शब्दांविषयी शंका येऊ लागली होती. बाकावर बसून मी हे पाहिले. त्या रात्री तिला याहून मोठी दुसरी इजा कोणी केली नसती तरी एवढी पुरेशी होती.

नंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे, नाही तर तो अन्याय होईल. अकराच्या सुमारास एक महिला अधिकारी आल्या. त्यांनी आम्हांला आतल्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले. पाण्याचा पेला पुढे केला. म्हणाल्या, "घाई नाही. जिथून आठवेल तिथून सांगा. काही आठवलं नाही तर आठवत नाही म्हणा." तिने सांगितले तसे लिहून घेतले, वाचून दाखवले, चुकलेले दोन शब्द दुरुस्त केले, मगच सही घेतली. फिर्यादीची प्रत हातात दिली. ठाणे तेच, कायदा तोच, गणवेशही तोच. मुलगी बाहेर आली ती पुन्हा ताठ चालत होती. प्रकरणाचा निकाल काय लागला हे मी येथे सांगत नाही, कारण ते सांगणे तिचा हक्क आहे. परंतु त्या रात्रीविषयी ती आजही म्हणते, "मला पहिल्यांदा कोणीतरी विश्वासानं ऐकलं."

आता थोडे मागे जाऊ या. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात खोलवर रुतलेला आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद झाली. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची, आईबापांवाचूनची, मोलमजुरी करणारी. तिच्याच भावाने दिलेल्या एका तक्रारीवरून जबान्या द्यावयास ही मंडळी ठाण्यात आली होती. जबान्या झाल्या, बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगितले गेले आणि तिला मागे ठेवून घेतले गेले. आरोपी होते ठाण्यातले दोन पोलीस. बाहेर लोक जमले, गलका झाला, आणि त्यानंतर तिची फिर्याद लिहून घेतली गेली. बाहेर माणसे उभी नसती तर ती लिहिली गेली असती काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पुढे 1974 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले आणि मुलीलाच खोटे बोलणारी ठरवले. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे या न्यायालयाने मानले. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून तिचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर एक अनाथ पोर किती झुंजणार, हा विचार त्यात नव्हता.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्या पत्राने देश जागा झाला. 1980 च्या महिला दिनी, 8 मार्चला, मुंबईसह ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या. त्या बायका कोण होत्या? आपल्यासारख्याच. काही शिकलेल्या, काही न शिकलेल्या, कोणी कडेवर मूल घेऊन आलेल्या. त्या मुलीला न्याय मिळाला नाही तो नाहीच. परंतु 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरील बलात्कार हा अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने "माझी संमती नव्हती" असे सांगितले, तर न्यायालयाने ते तसेच धरून चालावे असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला. त्या मुलीचे नाव पुढे साऱ्या देशाला ठाऊक झाले, तरी मी ते आज घेतले नाही, याचे कारण हेच.

तेथून पुढे कायदा पावलापावलाने सुधारत गेला. दिल्लीतील 16 डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि 2013 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. त्यांतल्या काही गोष्टी आपण मसाल्याच्या प्रमाणासारख्या पाठ करून ठेवाव्यात, म्हणून सांगते.

अशी फिर्याद घेण्यास नकार देणारा पोलीस अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो. त्याला कमीत कमी 6 महिने आणि जास्तीत जास्त 2 वर्षे सक्तमजुरी आणि दंड होऊ शकतो. हद्दीची सबब चालत नाही. गुन्हा कोठेही घडला असो, जवळच्या ठाण्याने फिर्याद लिहून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवली पाहिजे. फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची असते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तरीही कोणी दाद दिली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

आधी दवाखान्यात गेले तरी चालते. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा स्त्रीवर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत, आणि पोलिसांना कळवण्याचे काम रुग्णालयाचे आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते आणि पोलिसांना खबर मिळाल्यापासून 24 तासांच्या आत तिला डॉक्टरांकडे पाठवावयाचे असते. पूर्वी तपासणीच्या नावाखाली बोटांनी चाचणी करून ही बाई "सवयीची" आहे की नाही ते लिहीत. देसाईगंजच्या मुलीविरुद्ध हीच गोष्ट वापरली गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली आणि 2022 मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर 2012 चा बालकांसाठीचा कायदा लागतो. तिची जबानी शक्यतो घरी घ्यावयाची, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असावयाचे नाही, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवावयाचे नाही. अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. "घरातल्या घरात मिटवू" असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता तुम्ही विचाराल, एवढा कायदा असताना त्या मुलीला साडेतीन तास बाकावर का बसावे लागले? यातल्या बहुतेक गोष्टी तर तेव्हाही कायद्यात होत्या. माझ्या मते याचे उत्तर असे, की कायदा पुस्तकात बदलतो, समजूत माणसात बदलावी लागते.

पहिली गैरसमजूत अशी, की खरी पीडित बाई रडत, केस विस्कटून येते. वास्तविक भयाने अंग गोठते, आवाज फुटत नाही, आणि नंतर कित्येक जणी यंत्रासारख्या शांतपणे बोलतात. घटनेचा क्रम मागेपुढे होतो, वेळ आठवत नाही, आणि भिंतीवरचे कॅलेंडर मात्र लख्ख आठवते. हा धक्क्याचा परिणाम आहे. अडाणी अंमलदाराला मात्र ती बनवाबनवी वाटते. दुसरी गैरसमजूत उशिराविषयीची. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पंजाबातल्या प्रकरणात स्पष्ट केले, की कुटुंबाच्या नावाची चिंता करून बायका उशिरा येतात, तेवढ्यावरून त्यांना खोटे ठरवू नये. तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या साक्षीचा टेकू लागतोच असेही नाही. तिसरी गैरसमजूत अशी, की असे करणारा अंधारातला अनोळखी गुंड असतो. सरकारी नोंदींनुसार 2022 साली देशात बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले, त्यांत दहापैकी नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता. म्हणून "ओळख होती ना?" हा प्रश्न आरोपासारखा विचारणे निरर्थक आहे.

आणि हे झाले नोंदलेले गुन्हे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांपैकी शंभरात अवघ्या चौदांनी कोणाची तरी मदत मागितली. बाकीच्यांपैकी बहुतेकींनी कोणाला सांगितलेही नाही. ज्या थोड्यांनी सांगितले, त्यांनी आधी माहेरच्यांना, मैत्रिणीला, शेजारणीला सांगितले असेल. म्हणजे ठाण्याची पायरी पुढची आहे, पहिली पायरी आपल्या घराची आहे. माझ्या दारी आलेली ती बाई त्या पहिल्या पायरीवरूनच परत गेली.

मी फार दिवस समजत होते, की तिला ठाण्यात नेले नाही ही माझी चूक. आता वाटते, चूक त्याहून मोठी होती. जावे की न जावे हे ठरवण्याचा अधिकार तिचा होता आणि तो मी तिच्या हातातून काढून घेतला. तिने मला फक्त विचारले होते. मी म्हणावयास हवे होते, "तू ठरवशील तसं. गेलीस तर मी बरोबर येईन. नाही गेलीस तरी मी तुझ्याच बाजूची."

म्हणून आज आपल्यापुढे मी एक लहानसा ठराव ठेवते. बलात्काराच्या फिर्यादीत स्त्रीची जबानी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, आणि आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या भागातील सामाजिक कार्यकर्ता यांच्या उपस्थितीत घ्यावी, असे कायद्यातच लिहिले आहे. भगिनींनो, "त्या भागातील सामाजिक कार्यकर्ता" म्हणजे दुसरे कोण? आपणच की! तेव्हा मंडळाने आपल्यातल्या चौघींची नावे ठरवावीत. कोणत्याही वेळी कोणी हाक मारली तर त्यांतल्या दोघींनी बरोबर जावे. त्यांनी वकिली करू नये, तिच्या वतीने बोलू नये, आणि बाहेर येऊन चार घरी सांगू तर मुळीच नये. बरोबर बसावे, वेळ लिहून ठेवावी, अधिकाऱ्याचे नाव विचारावे, जबानी वाचून दाखवण्याची आठवण करावी आणि प्रत घेतल्याखेरीज उठू नये. जाताना घटनेच्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत घ्यावेत. शक्य असेल तर तपासणी होईपर्यंत तिने अंघोळ करू नये, पण केलेली असली तरी "आता काय उपयोग" असे म्हणू नये. आणि आपल्या भागातल्या ठाण्यात एकदा सर्वजणींनी मिळून जाऊन अधिकाऱ्यांना भेटून यावे. तेथेही कामाच्या ओझ्याखाली वाकलेली माणसे आहेत, आणि त्या रात्रीच्या बाईंसारख्या जाणत्याही आहेत. अडचणीच्या वेळी पहिली ओळख होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

आपल्या मंडळाने आजवर बाळंतिणीचे डबे पोहोचवले, रुग्णालयात रात्रीच्या पाळ्या केल्या, कोणाच्या घरी मयत झाली तर तेथे चूल पेटेपर्यंत बसून राहिलो. सोबत करणे हे आपल्याला शिकवावे लागत नाही. फक्त या एका दारापर्यंत आपण कधी गेलो नव्हतो.

माझ्या दारी आलेली ती बाई कोठे असेल ती असो. ही स्मरणिका तिच्या हाती पडेल अशी आशा करणे वेडेपणाचे आहे, हे मला कळते. तरीही तिला एवढेच सांगते, की बाई, तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सुचले. तुझ्यासाठी उपयोगी पडले नाही. पुढच्या एखादीच्या उपयोगी पडावे म्हणून ते आज चारचौघांत सांगितले आहे.

 ठरावाला अनुमोदन देण्यास कोण पुढे येते, याची मी वाट पाहते.